मुक्या श्रमिकांचे देणे

शेतमजुराला घोणस चावली, तर त्याचा जीव वाचविणारी सर्पविषावरील लस घोड्याच्या रक्तातून येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष घोड्याला प्रथम अत्यल्प मात्रेत टोचतात आणि मात्रा हळूहळू वाढवीत नेतात. त्याच्या रक्तात विषाला मारक द्रव्ये तयार झाली, की रक्त काढून त्यापासून लस करतात. पुढे विष व लस एकत्र करून उंदरांना टोचतात आणि किती जगले ते मोजतात. लसीचा गुण ठरतो तो असा.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. तेव्हा हे काम आजच बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. पण गरज मोठी म्हणून देणे फिटले, असेही आम्ही मानत नाही. कामगाराला निदान संप करता येतो. घोड्याला तो मार्ग नाही. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या वतीने समाजाने विचारले पाहिजे.

काय विचारावे, हे १९५९ साली रसेल व बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी सांगून ठेवले आहे. जनावरावाचून भागेल काय? न भागल्यास थोड्या जनावरांत भागेल काय? यातना कमी करता येतील काय? आपल्याकडेही १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांवर देखरेखीसाठी समितीची तरतूद केली.

आमचा चौथा प्रश्न असा: सोसलेल्या यातनेचे चीज होते काय? एकाच जातीच्या सापाचे विष प्रांतोप्रांती बदलते. एका भागातल्या विषावर केलेली लस दुसरीकडे कमी पडू शकते. तसे झाले, तर रोग्याचे नुकसान होतेच, पण घोड्याचे कष्टही वाया जातात.

आणि लस लागूच नये, यासाठी आपण काय करतो? शेतात गुडघ्यापर्यंतचे बूट, अंधारात विजेरी, झोपायला खाट व नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढ्याने कितीतरी दंश टळतील. ही साधने मजुराला मिळवून देणे मालकाचे आणि सरकारचे काम आहे. ते आपण मागितले पाहिजे. मजुराचा पाय वाचला, तर घोड्यावरचा भारही तेवढा हलका होईल.