तुमचा मेल उघडणार कोण?

छोटासा बिझनेस, बेताचं बजेट आणि हातात जुन्या ग्राहकांच्या पत्त्यांची एक वही. एवढ्या भांडवलावर मेल मार्केटिंग जमतं? जमतं. पण आधी माझ्यासारखा घोळ घालू नका!

सकाळी सव्वाआठ. सानपाडा स्टेशन. पनवेलहून सीएसएमटीकडे जाणारी लोकल नेहमीसारखी भरून आलेली. कसंबसं दारात पाऊल ठेवायचं, एका हातानं वरची कडी पकडायची आणि दुसऱ्या हातात मोबाइल. वाशी येईपर्यंत अंगठ्याचं एकच काम चालू असतं... डिलीट, डिलीट, डिलीट. क्रेडिट कार्डवाल्याचा मेल, डिलीट. 'फक्त आजच' वाला सेल, डिलीट. कधीकाळी चुकून रजिस्टर केलेल्या साइटचा मेल, तोही डिलीट.

आता विचार करा, या डिलीट झालेल्या मेलपैकी एखादा तुमच्या बहिणीनं पाठवलेला असेल तर? किंवा तुमच्या वहिनीनं?

माझ्या वहिनीचे सानपाड्यात योगाचे क्लासेस आहेत. नोकरी सोडून तिनं हे सुरू केलं तेव्हा घरात सगळ्यांच्याच पोटात गोळा आला होता. पण सकाळची बॅच भरली, मग संध्याकाळची भरली आणि दादाचा जीव भांड्यात पडला. मागच्या वर्षी मात्र संध्याकाळची बॅच ओसरायला लागली. कुणाचं ऑफिस बदललं, कुणाचं घर, तर कुणाचा नुसताच कंटाळा. जून उजाडला तेव्हा बॅचमध्ये उरली फक्त चार माणसं. हॉलचं भाडं मात्र तेवढंच!

'अगं, तू मासकॉम केलंयस ना? मग दे की दोन ओळी लिहून,' वहिनी म्हणाली. समोर ठेवली नाव, फोन, ई-मेल असे रकाने असलेली तिची वही. तीन वर्षांत येऊन गेलेल्या माणसांचे तब्बल २१२ पत्ते. म्हटलं, ये तो अपना काम है, बॉस! 'प्रिय ग्राहक' अशी झोकात सुरुवात केली, एक रंगीबेरंगी पोस्टर जोडलं, विषयात लिहिलं 'पाठदुखी बॅचच्या जुन्या सदस्यांसाठी खास ऑफर' आणि सेंड.

दहा मिनिटांनी लक्षात आलं. सगळे २१२ पत्ते मी 'टू'मध्ये टाकले होते.

म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता दिसत होता. कुणीतरी 'रिप्लाय ऑल' करून 'मला यातून काढा' लिहिलं, मग दुसऱ्यानं, मग पाचव्यानं. इथवर ठीक होतं, हसण्यावारी नेता आलं असतं. पण संध्याकाळी एका मुलीचा वहिनीला फोन आला. बाळंतपणानंतर पाठ धरली म्हणून ती क्लासला यायची. ऑफिसात तिनं हे कुणालाही सांगितलं नव्हतं. आणि त्याच यादीत तिच्या टीममधली एक व्यक्ती होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांदेखत विचारणा झाली, 'काय गं, पाठ कशी आहे?'

वहिनीनं तिची माफी मागितली. मीही मागितली. ती रागावली नाही, ओरडली नाही. 'ठीक आहे ताई,' एवढंच म्हणाली आणि पुन्हा आली नाही.

चूक तशी जुनीच!

त्यानंतर मी जरा अभ्यासाला बसले. तर कळलं की या उद्योगाची सुरुवातच अशी झाली आहे. ३ मे १९७८ या दिवशी अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कम्प्युटर कंपनीच्या गॅरी थ्युर्क नावाच्या मार्केटिंगवाल्यानं अर्पानेट या नेटवर्कवरच्या सुमारे ४०० जणांना एकाच फटक्यात जाहिरातीचा मेल पाठवला. पत्ते इतके की 'टू'च्या रकान्यात मावेनात, ते खाली मजकुरात सांडले! लोक जाम चिडले. आज त्याला जगातला पहिला 'स्पॅम' म्हणतात.

याच्या बरोबर उलटं उदाहरण आहे हॉटमेलचं. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ला हॉटमेल सुरू केलं. प्रत्येक मेलच्या तळाशी एक छोटी ओळ असायची, तुम्हालाही असा मोफत मेल मिळेल, अशा अर्थाची. बस्स! पण ती ओळ यायची मित्राच्या मेलखाली. अनोळखी कंपनीचा आरडाओरडा नाही, ओळखीच्या माणसाची शिफारस. दीड वर्षाच्या आत, डिसेंबर १९९७मध्ये मायक्रोसॉफ्टनं हॉटमेल विकत घेतलं. थोडक्यात काय, मेल तोच, तंत्र तेच. फरक पडतो तो पाठवणारा कोण आणि त्याला तुम्ही दार उघडलंय का, याचा.

आपल्याकडे हा फंडा मेलच्याही आधीपासून आहे. घरी येणारा एलआयसीचा एजंट आठवा. वाढदिवसाला ग्रीटिंग, दिवाळीला कॅलेंडर आणि हप्त्याची तारीख जवळ आली की फोन. टपाल खात्यानं तर २००२ साली 'मेघदूत' पोस्टकार्ड काढलं. पत्त्याच्या बाजूला जाहिरात आणि म्हणून किंमत फक्त २५ पैसे, साध्या कार्डाच्या निम्मी. जाहिरात पोचायची, पण सोबत तुमच्या माणसाचं पत्रही पोचायचं. मेलचंही तसंच आहे. जाहिरातीसोबत वाचणाऱ्याच्या कामाचं काहीतरी हवं!

इन्स्टा आहे ना, मग मेल कशाला?

हा प्रश्न वहिनीनंही विचारला. रील्स आहेत, व्हॉट्सअॅप आहे, मेल कोण बघतं? अगदी बरोबर. पण जरा मागे वळून बघा. ऑर्कुटवर तुमच्या किती कम्युनिटी होत्या? ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झालं आणि त्या गेल्या. टिकटॉकवर लाखो फॉलोअर जमवलेली मंडळी होती. जून २०२०मध्ये बंदी आली आणि एका रात्रीत सगळे फॉलोअर गायब. दुसऱ्याच्या जागेत मांडलेला स्टॉल तो! जागामालकानं शटर ओढलं की संपलं.

पत्त्यांची यादी मात्र तुमची असते. आज एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून मेल पाठवा, उद्या यादी उचलून दुसरीकडे जा.

शिवाय सर्व्हिस बिझनेसचं गणितच वेगळं. साबण संपला की माणूस आपोआप दुकानात जातो. एसी सर्व्हिसिंग, पेस्ट कंट्रोल, टॅक्स रिटर्न, फिजिओथेरपी, गिटारचा क्लास यांची आठवण कुणीतरी करून द्यावी लागते. उन्हाळा लागायच्या आधी एसीवाल्याचा, पावसाळ्याआधी पेस्ट कंट्रोलवाल्याचा, रिटर्नची मुदत जवळ आली की सीएचा मेल आला, तर तो कटकट वाटत नाही. उलट 'बरं झालं, आठवण केली' असं वाटतं. वेळ साधणं हीच इथली अर्धी कला.

आधी परवानगी, मग पत्र

सेथ गोडिन या अमेरिकन मार्केटिंग गुरूनं १९९९मध्ये 'परमिशन मार्केटिंग' नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर, ज्याला ऐकायचंय त्यालाच सांगा. तेव्हा हा सल्ला होता, आता तो कायदाही होतोय. आपल्याकडे २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू व्हायच्या आहेत. सार सोपं आहे. कशासाठी पत्ता घेताय ते स्पष्ट सांगा, मोकळ्या मनानं दिलेली संमती घ्या आणि 'नको' म्हणणं हे 'हो' म्हणण्याइतकंच सोपं ठेवा.

मेल कंपन्याही कडक झाल्या आहेत. फेब्रुवारी २०२४पासून गुगल आणि याहूनं मोठ्या संख्येनं मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम आणले. रोज ५,००० किंवा जास्त मेल जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये 'अनसबस्क्राइब'ची सोय द्यावीच लागते. हजारात तीन जणांनी जरी 'स्पॅम' म्हणून तक्रार केली, तरी धोक्याची घंटा! तुम्ही म्हणाल, आमचे तर २०० पत्ते. मान्य. पण २०० जणांतल्या दहांनी 'स्पॅम'चं बटण दाबलं, तर पुढचे मेल इनबॉक्सऐवजी थेट कचऱ्याच्या पेटीत पडण्याची शक्यता वाढतेच.

वहिनीनं मग वही पुन्हा उघडली. प्रत्येकाला वेगवेगळा, नावानं मेल. 'मागच्या वेळी चूक झाली, सॉरी. महिन्यातून एकदा मेल पाठवला तर चालेल का? नको असेल तर काही लिहू नका, तुमचं नाव काढून टाकते.' रोज रात्री जेवणं झाल्यावर वीस-वीस मेल. पंधरवडाभर हेच चाललं. २१२पैकी ७१ जण 'हो' म्हणाले.

'म्हणजे १४१ गेले!' मी कपाळाला हात लावला.

'गेले नाहीत गं, ते आधीच गेले होते. आपल्याला आज कळलं,' वहिनी म्हणाली. मासकॉमच्या दोन वर्षांत हे मला कुणी शिकवलं नव्हतं!

पत्रात लिहायचं काय?

पहिला नियम, पोस्टर नको. मोबाइलवर जड चित्र उघडेपर्यंत पुढचं स्टेशन येतं. वहिनीच्या मेलमध्ये आता जेमतेम दीडशे शब्द असतात. एक उपयोगाची गोष्ट, एक बातमी आणि एक प्रश्न. ऑगस्टमधला विषय होता, 'लोकलमध्ये उभं राहून पाठ दुखते?' आत खुर्चीत बसून करायचे दोन व्यायाम, संध्याकाळच्या बॅचची नवी वेळ आणि शेवटी, 'तुम्ही घरी किती वाजता पोचता?' या प्रश्नाला चक्क १९ उत्तरं आली. बहुतेकांचं म्हणणं एकच, सातची बॅच गाठता येत नाही. बॅच पावणेआठला सरकली. मार्केटिंग म्हणून पाठवलेल्या मेलनं आधी धंद्यातली चूकच दाखवून दिली.

दुसरा नियम, भाषा तुमची ठेवा. पूर्वी मराठीत मेल पाठवला की समोरच्याला नुसते चौकोन दिसायचे, फॉन्टची बोंब! युनिकोडमुळे ते दिवस गेले. क्लासमध्ये मराठीत बोलता, तर मेलमध्येच 'डिअर व्हॅल्यूड कस्टमर' कशाला?

तिसरा नियम, किती जणांनी मेल उघडला या आकड्यावर फार नाचू नका. सप्टेंबर २०२१मध्ये अॅपलनं आपल्या मेल अॅपमध्ये प्रायव्हसीची नवी सोय आणली. तेव्हापासून माणसानं मेल उघडला नाही तरी तो उघडल्यासारखा मोजला जाऊ शकतो. छोट्या धंद्यासाठी खरे आकडे दोनच, किती जणांनी उत्तर दिलं आणि किती जण दारात आले.

झटपट टिप्स

* एकाच वेळी अनेकांना मेल पाठवायचा तर पत्ते 'बीसीसी'त टाका. 'टू'त आपला स्वतःचा पत्ता. सेंड करण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा!
* यादी पन्नासच्या पुढे गेली की मेलचिंप, झोहो कॅम्पेन्स, ब्रेवो यांसारखी सेवा बघा. मोफत योजनांच्या मर्यादा बदलत राहतात, त्या आधी तपासा.
* अशा सेवेतून पाठवताना पत्ता जीमेलचा नको, स्वतःच्या डोमेनचा घ्या. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन सेटिंग्ज करून घ्या. मेल खरोखर तुमचाच आहे, याचा तो पुरावा.
* तब्येत, पैसा, घरगुती अडचण यांचा उल्लेख विषयात कधीही नको. स्क्रीन शेजारच्यालाही दिसते.
* विकत मिळणाऱ्या याद्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यातल्या कुणीही तुम्हाला 'हो' म्हटलेलं नसतं.
* महिन्यातून एक मेल पुरे. पण ठरलेल्या दिवशी पाठवाच.

आणि ती बॅच?

दिवाळीनंतर संध्याकाळच्या बॅचमध्ये ११ जण होते. त्यातले सहा त्या ७१मधले, बाकीचे त्यांनी मेल पुढे पाठवला म्हणून आलेले. हॉलचं भाडं सुटतं, वर थोडं उरतं. कोट्यवधींची स्टार्टअप स्टोरी नाही ही. पण आमच्या घरात रविवारचा चहा पुन्हा शांतपणे प्यायला जातो, हे काय कमी आहे?

ती मुलगी मात्र परत आली नाही. वहीतलं तिचं नाव वहिनीनं स्वतःच्या हातानं खोडलं. कुठल्याही यादीत ते पुन्हा जाणार नाही. कधीतरी स्टेशनवर ती दिसते, आम्ही एकमेकींकडे बघून हसतो, गाडी येते.

आता दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी वहिनी मेल लिहिते आणि सेंड करण्याआधी मला हाक मारते, 'अगं, ये जरा, बीसीसी बघ.'

मी बघते. दोनदा बघते.