पत्ता तोच, आकडा वेगळा: २००८ मध्ये यूट्यूब जगभर का अडकलं?

२४ फेब्रुवारी २००८. एका आक्षेपार्ह व्हिडिओवरून पाकिस्तान सरकारने देशात यूट्यूब बंद करायला सांगितलं होतं. बंदी पाकिस्तानपुरती होती. पण सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब उघडेना. असं कसं झालं?

इंटरनेटवर प्रत्येक नेटवर्क शेजाऱ्याला सांगतं, “हे पत्ते माझ्याकडे आहेत.” पत्त्यांच्या अशा गटाला प्रिफिक्स म्हणतात. आपला पिनकोड आठवा: ४०० म्हटलं की मुंबई, सहाही आकडे लिहिले की नेमकं पोस्ट ऑफिस. प्रिफिक्समध्ये तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका गट लहान आणि पत्ता नेमका. एकाच पत्त्यासाठी दोन रस्ते दिसले तर राउटर जास्त नेमक्या प्रिफिक्सचा रस्ता धरतो.

यूट्यूबने २०८.६५.१५२.०/२२ हा १०२४ पत्त्यांचा गट जाहीर केला होता. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातलाच २०८.६५.१५३.०/२४, म्हणजे २५६ पत्ते, आपले म्हणून जाहीर केले. ही घोषणा देशाबाहेर जायला नको होती. पण हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीकडे ती अडली नाही, पुढे पसरली. यूट्यूबने आधी तोच /२४ आणि मग आणखी नेमके दोन /२५ जाहीर केले. शेवटी पीसीसीडब्ल्यूने चुकीचा रस्ता मागे घेतला, तेव्हा प्रश्न मिटला.

इथेच फिल्टरचं काम येतं. ग्राहकाकडून कोणते प्रिफिक्स घ्यायचे, याची ती यादी असते. यादीत पाकिस्तान टेलिकॉमचेच पत्ते असते, तर यूट्यूबचा तुकडा दारातच अडला असता.

यादी लिहितानाही आकडा महत्त्वाचा. सिस्को राउटरच्या प्रिफिक्स-लिस्टमध्ये नुसतं /२२ लिहिलं तर तेवढाच गट आत येतो, त्यातला /२४ येत नाही. पुढे ‘एलई २४’ जोडलं तर /२२ ते /२४ पर्यंतचे सगळे तुकडे चालतात. ‘जीई २४’ लिहिलं तर /२४ पासून थेट /३२ पर्यंत, म्हणजे एकेका पत्त्यापर्यंत, दार उघडतं. मूळ /२२ मात्र बाहेरच राहतो.

आपल्या घरांतली अनेक मुलं-मुली आज नेटवर्किंग शिकतात. त्यांनी एवढं पक्कं करावं: ग्राहक खरोखर जाहीर करतो तेवढंच यादीत लिहा, बाकी सगळं नाकारा. “असू दे थोडं मोकळं” म्हणून सोडलेली जागा भलत्याच कुणाला महागात पडू शकते.