५२-१८-१४०

नाकावरचा चष्मा काढा आणि दांडीच्या आतल्या बाजूला बघा. बारीक अक्षरांत तीन आकडे दिसतील. माझ्या चष्म्यावर ५२-१८-१४० आहेत: काचेची रुंदी, दोन काचांमधलं नाकावरचं अंतर आणि दांडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. सत्तावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात उभा आहे, पण हे आकडे कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "ही जेन्ट्स आहे की लेडीज?"

पूर्वी मी बेधडक उत्तर द्यायचो. भाची डेंटल कॉलेजला गेली आणि पंचाईत झाली. दिवाळीच्या सुट्टीत ती कॅलिपर घेऊन आली आणि घरातल्या एकेकाला खुर्चीत बसवलं. नाकाच्या मुळाशी बोटाला खळगा लागतो, तिथून हनुवटीच्या तळापर्यंत चेहऱ्याची उंची. गालाच्या हाडाची कमान कानापुढे सर्वांत बाहेर येते, तिथे दोन्ही बाजूंमधली रुंदी. दात मिटलेले हवेत, नाहीतर उंची फुकटची वाढते. (आमच्या आईला गप्प बसवणं हेच सगळ्यात अवघड गेलं.) मग उंचीला रुंदीने भागायचं आणि १००ने गुणायचं. ८५ ते ९०च्या मधला चेहरा मध्यम, त्याखालचा रुंद, वरचा लांबट.

माझी उंची ११८, रुंदी १३६ मिलिमीटर. बायकोची १०८ आणि १२५. दोन्हीकडे मी सेंटीमीटरभर मोठा, पण भागाकार माझा ८६.८ आणि हिचा ८६.४! "मामा, साचा एकच आहे, मामीचं माप तेवढं लहान," भाची म्हणाली. हिने नाक मुरडलं. त्याचं माप कुणी घेतलं नाही.

आमचे आकडे तिच्या अभ्यासाच्या वहीत मात्र चढले नाहीत. तिला १८ ते २५ वयाचीच माणसं हवी होती. मुलींच्या जबड्याची वाढ आधी थांबते, मुलांची विशी जवळ येईपर्यंत चालू राहते. पुढे दात पडले की चेहऱ्याचा खालचा भाग आखडतो. म्हणून बाई-पुरुषांच्या चेहऱ्यांतला फरक बघायचा तर भर तारुण्यातला. त्या वयात पुरुषाचा चेहरा सरासरीने मोठा, भुवयांवरचं हाड पुढे आलेलं, हनुवटी चौकोनी. बाईचं कपाळ जास्त उभं, हनुवटी निमुळती. पण हे सरासरीचं बोलणं झालं. दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला आम्ही पीडी म्हणतो, पुरुषांत सरासरी दोनेक मिलिमीटरच जास्त असतं. माणसामाणसांतला फरक त्याच्या कितीतरी पट.

सरासरीच्या आधारावर माणसं आणि वस्तू ठरवू लागलं की घोटाळा होतो. १९०१च्या जनगणनेचा प्रमुख हर्बर्ट रिस्ले नाकाच्या रुंदीवरून जातीची पायरी सांगायचा. बाबासाहेबांनी १९४८च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकांच्या मापांचेच आकडे पुढे ठेवून अस्पृश्यांचा वंश वेगळा असल्याचा दावा खोडून काढला. कामगारांच्या मास्कचंही तसंच. अमेरिकेत मास्कची मापं कित्येक वर्षं हवाई दलातल्या लोकांच्या १९६०च्या दशकातल्या चेहऱ्यांवर बेतलेली होती. २००३मध्ये जवळजवळ ४,००० कामगारांचे चेहरे नव्याने मोजले आणि नवा तक्ता बसवला तो उंची आणि रुंदीवर, म्हणजे भाचीने घेतलेल्या दोन मापांवरच.

गेल्या महिन्यात कॉलेजमधली एक मुलगी आली. 'लेडीज' फ्रेमने तिच्या कानशिलांवर वळ उठले होते. मी ५४ची काढून दिली. ती आरशात बघून खूश झाली, तेवढ्यात आईने विचारलं, "जेन्ट्सची नाही ना?" मी म्हटलं, "ताई, चोपन्नची आहे."

म्हणून नवा चष्मा करायला जाल तेव्हा जुना सोबत न्या. दांडीवरचे आकडे पुसले असले तरी चालतील, फूटपट्टी प्रत्येक दुकानात असते.