गणितात हुशार मूल आणि मायबोलीची शाळा

वाढोणा म्हणजे आपले नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर. त्याच नावाची वस्ती हैदराबाद शहरातही आहे. तेथे तेलुगू अकादमीचे कार्यालय आहे. १९६८ साली स्थापन झालेल्या या अकादमीने इंटरमीजिएट व पदवीच्या वर्गांसाठी गणित-विज्ञानाची पाठ्यपुस्तके तेलुगूत काढली. १९६८ ते १९७४ या काळात तिचे अध्यक्ष होते पी. व्ही. नरसिंह राव. पुढे ते मुख्यमंत्री असताना, १९७१ साली, तेव्हाच्या नलगोंडा जिल्ह्यात सर्वेल येथे ग्रामीण हुशार मुलांसाठी निवासी शाळा निघाली. ते केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री झाल्यावर नवोदय विद्यालये सुरू झाली. पहिली दोन १९८५-८६ मध्ये, हरियाणात झज्जरला आणि आपल्या अमरावतीला. मायबोलीतले विज्ञान आणि खेड्यातल्या मुलाची प्रगती ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या हातून झाली, हे सीमाभागातील पालकांनी ध्यानात घ्यावे.

"गुरुजी, पोरगं गणितात हुशार आहे, इंग्रजी शाळेत घालू का?" हा प्रश्न आम्हा शिक्षकांना गावोगाव विचारला जातो. आमचे म्हणणे असे, की पाचवीपर्यंत घाई करू नका. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे अपूर्णांक आपले मूल बाजारातच शिकून येते. शाब्दिक उदाहरणात अर्धी लढाई भाषा समजण्याची असते. परकी भाषा मध्ये आली की हुशार पोरही गप्प बसते.

नवोदयची सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते. वेळ दोन तास, गुण १००. बुद्धिमत्तेला ५०, अंकगणिताला २५, भाषेला २५. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके मोफत. सातवी-आठवीपर्यंत प्रादेशिक भाषेतून शिक्षण, त्यानंतर गणित-विज्ञान इंग्रजीतून. म्हणजे इंग्रजी येतेच, पण पाया पक्का झाल्यावर.

सीमेवरच्या पालकांनी येथे एक गोष्ट सांभाळावी. ज्या जिल्ह्यात रहिवास आहे आणि मूल पाचवी शिकते, त्याच जिल्ह्याच्या विद्यालयासाठी अर्ज करता येतो. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत झालेली असावी लागतात. संधी एकदाच मिळते. तेव्हा ऐन पाचवीत मुलाला सीमेपलीकडे मामाच्या गावी ठेवू नका.

नवोदयला नंबर लागला नाही म्हणून पोर मागे पडले असे नव्हे. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्यांना आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते. तिची उत्पन्नमर्यादा साडेतीन लाखांची असून निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

शाळा पाहायला जाल तेव्हा पाटीवरची भाषा पाहून परत फिरू नका. प्रयोगशाळेचे कुलूप उघडते का, मुले स्वतः प्रयोग करतात का, गणिताचे शिक्षक वर्षभर टिकतात का, हे विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत उभे राहून विचारा. त्या समितीत बहुसंख्य सदस्य पालकच असतात. आपली मराठी शाळा सुधारण्याचा अधिकार कायद्याने आपल्याच हाती दिला आहे.