चौथ्या क्रमांकाचे विजेते

बास्केटबॉलचा खेळ आपण कधी ना कधी पाहिलाच असेल. शाळेच्या वा महाविद्यालयाच्या पटांगणात दोन खांब, खांबांवर फळ्या, फळीला लोखंडी कडे आणि कड्याला लोंबणारे जाळे. जमिनीपासून दहा फूट उंचीवरच्या त्या कड्यातून चेंडू खाली सोडायचा, एवढेच ह्या खेळाचे प्रयोजन. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड ह्या गावी, जेम्स नेस्मिथ नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने १८९१ च्या हिवाळ्यात तो शोधून काढला. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत कंटाळलेले विद्यार्थी. तेव्हा त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला टांगल्या आणि खेळ सुरू केला. त्याच राज्याच्या राजधानीत, बॉस्टनमध्ये, पुढे ‘बॉस्टन सेल्टिक्स’ हा व्यावसायिक संघ नावारूपास आला. ह्या संघाच्या १९६८-६९ च्या हंगामाची हकिगत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे. सेल्टिक्सने ह्याहून दिमाखदार विजय मिळवलेले आहेत. पण इतक्या थोड्या आशेवर मिळवलेला विजय त्यांच्या इतिहासात दुसरा नसावा.

ह्या संघाचा कणा होता बिल रसेल. लुइझियाना राज्यातील मन्‍रो गावी १९३४ साली जन्मलेला हा उंचापुरा कृष्णवर्णीय खेळाडू १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकून सेल्टिक्समध्ये दाखल झाला. त्यानंतरच्या बारा हंगामांत संघाने दहा वेळा अजिंक्यपद पटकावले. १९६६ साली तर संघाचे प्रशिक्षकपदही त्याच्याकडेच आले. राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, म्हणजे ‘एनबीए’च्या, इतिहासात हे पद भूषवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. स्वतः खेळावयाचे, आणि खेळता खेळता कोणाला आत घ्यावयाचे व कोणाला बाहेर बसवावयाचे हेही ठरवावयाचे, अशी ही दुहेरी जबाबदारी होती.

रसेलची खरी कर्तबगारी मात्र गुणफलकावर दिसत नसे. तो गुण थोडे करी. त्या हंगामातील त्याची सरासरी सामन्यामागे दहाच्याही आत होती. त्याची कला वेगळीच. प्रतिस्पर्ध्याने चेंडू कड्याकडे फेकला की रसेल उडी घेऊन तो वरच्यावर अडवी. असे अडवणारे आणखीही होते, पण त्यांतले बहुतेक जण चेंडू जोराने प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या मिळवीत, आणि चेंडू पुन्हा प्रतिपक्षाच्याच हाती जाई. रसेल चेंडूला हलकेच टिचकी मारी आणि तो आपल्या सहकाऱ्याच्या हाती देई. टाळ्या कमी पडत, पण चेंडू आपला होई. गंमत अशी की, अडवलेल्या चेंडूंची अधिकृत मोजदाद एनबीएने १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू केली. तेव्हा रसेल निवृत्त होऊन चार वर्षे लोटली होती. ज्या कलेत तो सर्वश्रेष्ठ मानला जातो, तिचा एकही आकडा त्याच्या नावावर नाही!

त्याच्या आयुष्यातील दुसरी बाजूही आपणास ठाऊक असावी. १९६१ साली केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे प्रदर्शनीय सामन्यासाठी गेले असता संघातील कृष्णवर्णीय खेळाडूंना उपाहारगृहात खाद्यपदार्थ नाकारण्यात आले. रसेल आणि त्याचे सहकारी न खेळताच परतले. बॉस्टनजवळच्या त्याच्या स्वतःच्या घरात शिरून समाजकंटकांनी नासधूस केली, भिंतींवर वर्णद्वेषाचे शब्द लिहिले. ज्या नगरासाठी त्याने अजिंक्यपदे आणली, त्या नगराविषयी त्याच्या मनात कायमची अढी बसली असल्यास नवल ते काय?

असो. आता हंगामाकडे वळू.

१९६८ च्या शरद ऋतूत हंगाम सुरू झाला, तेव्हा सेल्टिक्स हा वय झालेला संघ होता. रसेल फेब्रुवारीत पस्तीस पूर्ण करणार होता. त्याचा जुना जोडीदार सॅम जोन्स त्याहून काही महिन्यांनी मोठा. तरीही दुखापतीमुळे हुकलेले पाच सामने सोडले, तर रसेल प्रत्येक सामन्यात अठ्ठेचाळीस मिनिटांपैकी सरासरी ४२ मिनिटांहून अधिक वेळ मैदानावर होता. ८२ सामन्यांपैकी संघाने ४८ जिंकले, ३४ गमावले, आणि पूर्व विभागात तो चौथा आला. चौथ्या क्रमांकापर्यंतच्या संघांनाच पुढील फेरीत प्रवेश होता; म्हणजे दार बंद होता होता सेल्टिक्स आत शिरले.

पण अंतिम फेऱ्यांचे गणित निराळे असते. तेथे एकाच प्रतिस्पर्ध्याशी सात सामन्यांपर्यंत झुंज चालते आणि चार जिंकणारा पुढे जातो. अशा झुंजीत अनुभवाला मोल येते. सेल्टिक्सने फिलाडेल्फियाला चार विरुद्ध एक आणि न्यूयॉर्कला चार विरुद्ध दोन असे नमवले. वस्तुतः हे दोन्ही संघ हंगामात त्यांच्या वर होते.

अंतिम गाठ पडली लॉस एंजेलिस लेकर्सशी. ह्या संघाने सेल्टिक्सकडून त्याआधी सहा वेळा अंतिम फेरीत हार खाल्ली होती. ह्या खेपेस मात्र त्यांनी कसूर ठेवली नव्हती. जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर हे दोन नामवंत होतेच. शिवाय विल्ट चेंबरलेन हा महाकाय खेळाडू फिलाडेल्फियाहून आणला होता. चेंबरलेन आणि रसेल ही जोडी म्हणजे त्या काळच्या बास्केटबॉलमधले सर्वांत गाजलेले द्वंद्व. मैदानाबाहेर मात्र ते दोघे मित्र होते, सणावाराला एकमेकांच्या घरी जेवत.

पहिल्या सामन्यात रसेलने वेस्टवर एकच खेळाडू ठेवला. वेस्टने ५३ गुण केले. दुसऱ्या सामन्यात ४१ केले. लेकर्सनी दोन्ही सामने जिंकले. मग प्रशिक्षक रसेलने डावपेच बदलला आणि वेस्टवर दोन-दोन खेळाडू सोडले. बॉस्टनमध्ये तिसरा सामना सेल्टिक्सने जिंकला. चौथ्यात सात सेकंद उरले असता ते ८७-८८ असे एका गुणाने मागे होते. हा सामना गेला असता, तर सारेच संपल्यात जमा होते. तीन सहकाऱ्यांनी ओळीने उभे राहून भिंत केली आणि तिच्या आडून सॅम जोन्सने चेंडू फेकला. फेकताना त्याचा पाय घसरला. चेंडू कड्यावर आपटला, उसळला आणि आत पडला. ८९-८८! पाचवा सामना लेकर्सचा, सहावा सेल्टिक्सचा, बरोबरी.

सातवा सामना ५ मे १९६९ रोजी लेकर्सच्या ‘फोरम’ ह्या क्रीडागृहात झाला. लेकर्सचे मालक जॅक केंट कुक ह्यांनी विजय गृहीत धरून छताला हजारो फुगे टांगून ठेवले होते. सामना संपताच ते कसे सोडले जातील आणि वाद्यवृंद कोणते गीत वाजवील, ह्याचे पत्रकही छापून वाटले होते. ते रसेलच्या हाती पडले, आणि त्याने ते आपल्या खेळाडूंना ऐकवले. प्रशिक्षकाला ह्याहून उत्तम भाषण कोणी लिहून दिले असते?

शेवटच्या चतुर्थांशाच्या आरंभी सेल्टिक्सपाशी १७ गुणांची आघाडी होती. मग पस्तिशीतले पाय जड होऊ लागले. पायाच्या शिरेला दुखापत झालेली असूनही वेस्ट एकटा झुंजत होता. त्याने त्या सामन्यात ४२ गुण केले. अशात चेंबरलेनचा गुडघा दुखावला व तो बाहेर गेला. थोड्या वेळाने त्याने परत येण्याची इच्छा दर्शवली, पण प्रशिक्षकाने त्याला बसवूनच ठेवले. आघाडी घटत घटत एका गुणावर आली, १०३-१०२. त्याच वेळी प्रतिपक्षाच्या हाताला लागून सुटलेला चेंडू सेल्टिक्सच्या डॉन नेल्सनपाशी आला. त्याने तो फेकला. चेंडू कड्याच्या मागील बाजूस आदळून सरळ वर उडाला, आणि जणू विचार करून, नेमका जाळ्यातून खाली आला. अंतिम गुणसंख्या १०८-१०६. फुगे छतालाच राहिले. रसेलने गुण केले अवघे सहा. पण परतलेले चेंडू पकडले एकवीस.

त्या वर्षी अंतिम मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूसाठी नवे पारितोषिक ठेवण्यात आले होते. ते मिळाले पराभूत जेरी वेस्टला. पुढे अनेक दशके लोटली, तरी हरलेल्या संघातील दुसऱ्या कोणास ते लाभलेले नाही. त्याच पारितोषिकाला २००९ साली रसेलचे नाव देण्यात आले.

विजयाची एक किंमतही पडली. चेंबरलेनने अशा सामन्यात मैदान सोडावयास नको होते, असे रसेल नंतर बोलून गेला. मित्राच्या वर्मी लागलेले ते शब्द दोघांमध्ये अनेक वर्षांचा अबोला निर्माण करून गेले. पुढे उतारवयात त्यांनी तो मिटवला.

सॅम जोन्सने त्या सामन्यानंतर खेळ सोडला, आणि काही आठवड्यांतच रसेलनेही निवृत्ती जाहीर केली: तेरा हंगाम, अकरा अजिंक्यपदे. पुढच्या हंगामात सेल्टिक्सने ३४ सामने जिंकले आणि ४८ गमावले. आकडे तेच होते, फक्त त्यांनी जागा बदलल्या होत्या.