शाळेंतील विज्ञानमंडळ व आपलें शेत

खाप्यास कन्हानचा काठ आहे, हातमागाचा जुना धंदा आहे, जवळच गुमगांवची मँगनीजची खाण आहे आणि भोंवतालीं सावनेर तालुक्यांतील संत्र्यांच्या बागा व कपाशीचीं शेतें आहेत. शास्त्राचे धडे घेण्यास याहून सोयीची जागा मिळणें कठीण. तरीही आडवळणाच्या पुष्कळ शाळांत शास्त्र म्हणजे पुस्तकांतील उत्तर पाठ करणें एवढेंच उरतें. नागपुरास रमण विज्ञान केंद्र आहे. मुलांस वर्षांतून एकदां तेथें न्यावें हें बरेंच, पण एक दिवस पाहिलेलें दुसऱ्या दिवशीं विसरतें. हातानें केलेलें विसरत नाहीं.

हें तत्त्व पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें प्रत्यक्षांत आणलें गेलें. डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनीं १९८३ सालीं तेथें विज्ञान आश्रम स्थापिला. शेती व पशुपालन, यंत्रकाम, ऊर्जा, गृह व आरोग्य अशा शाखांतून मुलें काम करीत शिकतात, आणि तें काम गांवाच्या उपयोगी पडतें. हा अभ्यासक्रम पुढें महाराष्ट्रांतील अनेक माध्यमिक शाळांनीं स्वीकारला. आमच्या मतें त्यांतील ग्राह्य गोष्ट ही कीं, प्रयोगास गिऱ्हाईक असावें. प्रयोगाचें उत्तर कोणास तरी हवें असलें म्हणजे मुलें तो मनापासून करतात.

बियाण्याचेंच उदाहरण घ्या. सोयाबीनचे १०० दाणे न निवडतां उचलावे. ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींनीं मांडावे, गोणपाट गुंडाळून सावलींत ठेवावें व त्यावर रोज पाणी शिंपडावें. पांच ते सात दिवसांनीं जोमदार मोड आलेले दाणे मोजावे. सत्तर किंवा अधिक उगवले तर एकरीं ३० किलो बियाणें पुरतें. साठच उगवले तर ३५ किलो लागेल. त्याहून फार कमी उगवलें तर तें बियाणें पेरूंच नये. ही त्रैराशिकाची साधी रीत आहे, परंतु ती न केल्यानें पाऊस पडून गेल्यावर दुबार पेरणीची पाळी येते. अडचण एवढीच कीं, विदर्भांत शाळा जूनअखेर उघडतात व पेरणी त्याच सुमारास येते. म्हणून घरच्या बियाण्याची परीक्षा सुटीपूर्वीं शाळेंत करावी, आणि विकत घेतलेल्या बियाण्याची मुलांनीं सुटींत घरींच करावी.

संत्रा बागाइतदारांस दुसरा प्रयोग उपयोगी आहे. बोर्डो मिश्रणांत स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून काढावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असें समजावें. मोकळें तांबें लोखंडावर बसतें, आणि तेंच पानेंही जाळतें. अशा मिश्रणांत थर येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घालावी. मोरचूद विषारी आहे, म्हणून हें काम शिक्षकांच्या देखरेखीखालींच व्हावें. इतर कीटकनाशकें तर शाळेच्या आवारांत आणूंच नयेत.

पैशाचा प्रश्न निघतोच. २०१६ सालीं सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेंत निवडलेल्या शाळेस वीस लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठेवलें होतें. पण निवड सर्वांची होत नाहीं, आणि जेथें झाली तेथेंही चालविणारा माणूस नसला तर यंत्रें कपाटांत कुलुपबंद राहतात. वर सांगितलेल्या प्रयोगांस मात्र गोणपाट, खिळा व वही पुरे. शेतकऱ्यानें द्यावयाचें तें निराळेंच आहे: शाळेजवळचें गुंठाभर शेत, विहिरीवर जाण्याची मोकळीक, आणि मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची किंवा एखाद्या विणकराची महिन्यांतून एक दुपार. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश जागा पालकांस ठेवल्या आहेत. त्या जागीं बसून केवळ सही न करतां, विज्ञानमंडळानें ह्या महिन्यांत काय मोजलें तें विचारावें.

मोजण्यास पहिली वस्तु पाऊस. सपाट तळाची, सरळ बाजूंची बरणी झाडांपासून व भिंतींपासून दूर ठेवावी. रोज सकाळीं साडेआठ वाजतां पट्टीनें पाण्याची उंची मोजून वहींत लिहावी व बरणी रिकामी करावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरीं सुमारें ४,००० लिटर पाणी. रविवारीं व सुटीच्या दिवशीं मोजण्याची पाळी कोणाची, हें मात्र आधींच ठरवावें. बहुतेक वह्या तेथेंच खंडित होतात.