इंजिनाचाही जीव गुदमरतो

सिंगापुरात गाडी घेणं म्हणजे दहा वर्षांचा करार. १९९० पासून आलेल्या सीओईमुळे कधी कधी गाडीपेक्षा परवानाच महाग पडतो. अशी गाडी सातव्या वर्षी निळा धूर सोडू लागली, की यिशुनच्या इंडस्ट्रियल पार्कमधल्या गॅरेजच्या चकरा सुरू होतात. ‘टर्बो गेला’ हे ऐकून पोटात गोळा येतो. पण दर वेळी टर्बो गेलेलाच असतो असं नाही.

पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या, तरी जळलेला थोडा वायू त्यांच्या कडेने निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरतोच. त्यात पाण्याची वाफ असते, न जळलेलं पेट्रोल असतं. पूर्वी हा वायू एका नळीने सरळ रस्त्यावर सोडत. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे कॅलिफोर्नियात १९६१च्या गाड्यांपासून पीसीव्ही व्हॉल्व्ह आला. इनटेकमधली ओढ हा वायू खेचून घेते आणि तो पुन्हा इंजिनातच जळतो.

टर्बोमुळे गुंता वाढला. टर्बो जोरात असताना इनटेकमध्ये ओढ नसते, उलट दाब असतो. तेव्हा एक झडप ती वाट बंद करते आणि वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या तोंडाशी जातो. झडप मिटेनाशी झाली की टर्बोचा दाब उलटा क्रँककेसमध्ये घुसतो. नळी तुंबली तर वायू आतच कोंडतो. टर्बोमधलं तेल मात्र नुसत्या उतारावरून खाली येत असतं. खालीच दाब असेल तर ते उतरणार कसं? मग ते सीलमधून झिरपतं आणि जळतं. नवा टर्बो बसवला तरी तोही तसाच धूर सोडणार!

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडवणाऱ्या इंजिनांचं दुखणं आणखी वेगळं. तिथे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यामुळे तेलाची वाफ त्यांच्यावर बसून कढईच्या बुडासारखी काजळी धरते. यावर कॅच कॅन बसवतात. स्वयंपाकघरातल्या चिमणीची तेलाची वाटी आठवा: वायू आतल्या जाळीवर आपटतो, तेल खाली साचतं, उरलेला वायू पुढे जातो. डबा स्वस्त पण आतून पोकळ असेल, तर तो नुसती शोभा. त्याची नळी हवेत मोकळी सोडू नये, आणि डबा वेळच्या वेळी रिकामा करावा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. एमआरटी स्टेशनापर्यंतच फिरणाऱ्या गाडीच्या डब्यात म्हणूनच दूध घातलेल्या कोपीसारखं पाणी निघतं. झिजलेल्या रिंगांवर मात्र हा इलाज नाही.

टर्बो बदलायला होकार देण्याआधी मेकॅनिकला क्रँककेसचा दाब मोजायला सांगा. इंजिन नुसतं चालू असताना तिथे हलकी ओढ हवी. शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि तेलाचं झाकण उघडता उघडत नसेल, तर बहुधा व्हॉल्व्हचा रबरी पडदा फाटलेला असतो. तो टर्बोपेक्षा कितीतरी स्वस्तात बदलून मिळतो.